‘अंमलबजावणीत कमी पडलो’ असे म्हणण्याआधी

वर्ष संपत आले की कंपन्यांच्या आढावा बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपली व्यूहरचना बरोबर होती, अंमलबजावणीत आपण कमी पडलो.’ मी ते अनेकदा ऐकले आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याला मानही डोलावली आहे. वाक्य नम्र वाटते, चूक कबूल केल्यासारखे वाटते. पण त्यातली कबुली दुसऱ्यांच्या चुकीची असते. ज्यांनी विचार केला त्यांनी आपले काम चोख बजावले आणि ज्यांच्या हाती ते सोपवले त्यांनी ते बिघडवले, असाच त्याचा सरळ अर्थ होतो. माझे म्हणणे असे आहे की बहुतेक वेळा हे खरे नसते. ज्याला आपण अंमलबजावणीतले अपयश म्हणतो ते वरच्या पातळीवर घ्यायचा राहून गेलेला निर्णय असतो. तो निर्णय न घेता खाली ढकलला जातो आणि खालच्या माणसाला तो घेण्याचा अधिकार नसल्यामुळे काम तिथेच अडते.

हा प्रश्न केवळ व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात चर्चा करण्याचा आहे असे मला वाटत नाही. कंपनीचे स्वप्न कागदावरच राहिले की त्याची किंमत स्वप्न पाहणारा क्वचितच मोजतो. नोकरी जाते ती कारखान्यातल्या आणि शाखेतल्या माणसाची, थकबाकी बुडते ती पुरवठादाराची, आणि ज्या निवृत्तिवेतन निधीने त्या कंपनीचे शेअर घेतलेले असतात त्याच्या सभासदांची पुंजी झिजते. म्हणून दृष्टी, व्यूहरचना आणि अंमलबजावणी या तिन्हींची जबाबदारी नेमकी कोणाची, हे स्पष्टपणे विचारण्याचा हक्क कंपनीबाहेरच्या लोकांनाही आहे.

आधी दृष्टीबद्दल, म्हणजे ज्याला कार्यालयात सगळे ‘व्हिजन’ म्हणतात त्याबद्दल. ग्राहकाला केंद्रस्थानी ठेवणे, गुणवत्तेत अव्वल राहणे, नावीन्याचा ध्यास घेणे अशी वाक्ये स्वागतकक्षाच्या भिंतीवर असतात आणि ती लिहिणारे बहुधा प्रामाणिकही असतात. पण या वाक्यांच्या उलट बाजूला कोणी उभे राहू शकत नाही. आम्ही ग्राहकाकडे दुर्लक्ष करू, असे कोणतीही कंपनी म्हणणार नाही. ज्या विधानाच्या विरुद्ध विधान कोणताही शहाणा माणूस करणार नाही, त्यातून कामाला दिशा मिळत नाही. दृष्टीची व्यूहरचना होते ती एखाद्या चांगल्या, कमाई देणाऱ्या, आपल्यालाही हव्याशा वाटणाऱ्या गोष्टीला नकार दिला जातो तेव्हा. नको असलेल्या गोष्टीला नकार देण्यात कसोटी नसते.

साउथवेस्ट एअरलाइन्सचे उदाहरण यासाठी मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात नकार आणि काम एकमेकांत कसे गुंफलेले असतात ते अगदी जवळून दिसते. ही कंपनी १९७१ साली टेक्सास राज्यातल्या तीन शहरांदरम्यान, तीन विमानांनिशी सुरू झाली. पुढे चौथे विमान आले, पण १९७२ मध्ये पैशांची इतकी चणचण झाली की ते विकावे लागले. आता चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत बसवायचे, तर उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा धावपट्टीकडे निघायला हवे, असा हिशेब जमिनीवरचे काम पाहणाऱ्यांनी मांडला. विमान दाराशी लागल्यापासून ती दहा मिनिटे डोळ्यांपुढे आणून पाहावीत. प्रवासी उतरत आहेत, हवाईसुंदऱ्या त्याच वेळी मागच्या रांगांपासून आवराआवर करत पुढे येत आहेत, खाली सामान निघते आहे आणि नवे चढते आहे, आणि पुढचे प्रवासी आसनक्रमांक नसल्यामुळे मिळेल ती जागा पकडण्यासाठी लगबगीने आत येत आहेत. यातली प्रत्येक हालचाल आधी दिलेल्या एखाद्या नकारामुळे शक्य झालेली आहे. जागा आधी ठरवून दिल्या असत्या, दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत सामान चढवून देण्याची हमी घेतली असती, थाळ्यांत जेवण वाढले असते, ताफ्यात निरनिराळ्या जातींची विमाने ठेवली असती, तर दहा मिनिटांचे गणित कोसळले असते. मग कर्मचारी कितीही मेहनती असोत. स्वस्तात आणि वारंवार उड्डाणे देणे ही दृष्टी, या साऱ्या गोष्टी न करणे ही व्यूहरचना आणि दहा मिनिटे ही अंमलबजावणी, असे तीन तुकडे कागदावर पाडता येतील; पण त्या विमानतळावर उभ्या असलेल्या माणसाला ते तुकडे वेगळे दिसले नसते.

याच्या शेजारी कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचा प्रयोग ठेवला की मुद्दा पुरता उलगडतो. या मोठ्या कंपनीने १९९३ मध्ये ‘कॉन्टिनेंटल लाइट’ नावाने स्वस्त सेवा सुरू केली. तिने जेवण बंद केले, भाडे उतरवले, फेऱ्या वाढवल्या. मात्र आसने आधी ठरवून देणे, पुढच्या विमानात सामान पोचवणे आणि तिकीट दलालांना दलाली देणे यांतले काहीच सोडले नाही, कारण उरलेली पूर्ण सेवेची कंपनी त्यावरच चालत होती. दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याचा परिणाम असा झाला की गर्दीच्या विमानतळांवर उड्डाणे रखडू लागली, तक्रारींचा पाऊस पडला आणि १९९५ मध्ये ती सेवा गुंडाळावी लागली. फलाटावरच्या कामगारांनी हात जरा भरभर चालवले असते तर ती वाचली असती, असे म्हणणे त्या कामगारांवर अन्याय करणारे आहे. काय सोडायचे हे ठरवण्याचे काम त्यांचे नव्हते.

ॲपलची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर फार रेंगाळत नाही. १९९७ च्या आर्थिक वर्षात त्या कंपनीला १ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता आणि तिची उत्पादने म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होती. परत आलेल्या स्टीव्ह जॉब्स यांनी फळ्यावर चार चौकोन आखले : सामान्य ग्राहक आणि व्यावसायिक, टेबलावरचा संगणक आणि सोबत नेता येणारा. प्रत्येक चौकोनात एकच उत्पादन राहणार होते. या गोष्टीचे कौतुक करताना एक बाजू नेहमी निसटते. बंद झालेल्या प्रत्येक उत्पादनामागे वर्षानुवर्षे खपलेली माणसे होती आणि ‘न्यूटन’ या हातात मावणाऱ्या संगणकासारख्या उपकरणाला निष्ठावंत चाहतेही होते. नकार दुखतो, म्हणूनच तो वरच्यानेच द्यावा लागतो. एखाद्या विभागातल्या अभियंत्याने आपणहून आपला प्रकल्प मारावा, अशी अपेक्षा कोणतीही संस्था करू शकत नाही.

नकारानंतरचा प्रश्न पैशांचा आणि माणसांचा, आणि या बाबतीत इंटेलइतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही. ही कंपनी १९६८ साली संगणकाच्या स्मृतिचिप, म्हणजे मेमरी चिप, बनवण्यासाठी स्थापन झाली आणि स्वतःकडे ती त्याच नजरेने पाहत होती. १९८० च्या दशकात जपानी उत्पादकांनी दर्जा आणि किंमत या दोन्हींत तिला मागे टाकले. १९८५ च्या मध्यावर कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले की आपल्याला काढून संचालक मंडळाने नवा प्रमुख आणला तर तो काय करेल. मेमरीच्या धंद्यातून बाहेर पडेल, असे उत्तर आले. मग तेच काम आपण दोघांनीच का करू नये, असे ग्रोव्ह म्हणाले. गोष्ट इथे थांबवली तर ती एका धाडसी निर्णयाची गोष्ट होते. पण ग्रोव्ह यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की हा निर्णय झाला तेव्हा कंपनीच्या आठ चिप कारखान्यांपैकी फक्त एकात मेमरी बनत होती. उरलेली उत्पादनक्षमता आधीच हळूहळू मायक्रोप्रोसेसरकडे, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपकडे, वळली होती, आणि ती वळवली होती उत्पादन आणि अर्थ विभागातल्या मधल्या फळीच्या माणसांनी. एका सिलिकॉन वेफरमागे, म्हणजे ज्या पातळ चकतीवर चिप घडवतात तिच्यामागे, ज्या चिपला जास्त नफा मिळेल तिला आधी जागा द्यायची, असा त्यांच्या कामाचा नियम होता आणि ते तो महिन्यामागून महिना इमानाने पाळत होते.

हा तपशील मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. वर भाषणांत ‘आम्ही मेमरी कंपनी’ असे म्हटले जात होते, आणि खाली वाटपाचा एक साधा नियम कंपनीचे भवितव्य ठरवत होता. कंपनीची खरी व्यूहरचना त्या नियमात होती. इंटेलच्या बाबतीत नियम शहाणा होता आणि भाषणे जुनी होती, हे तिचे भाग्य. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते : भाषण नव्याचे, आणि वाटपाचा नियम जुन्याचा. गेल्या वर्षीचे आणि यंदाचे अंदाजपत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. नवी दिशा जाहीर झाली आहे, पण प्रत्येक खात्याची रक्कम गेल्या वर्षीपेक्षा पाच-सात टक्क्यांनी वाढवून तशीच पुढे ओढली आहे; विभागातली सर्वांत जाणती माणसे अजून जुन्याच कामावर आहेत, आणि नव्या कामावर ज्यांना दिले ते आपले मूळ काम सांभाळून ते करणार आहेत. अशा कंपनीत व्यूहरचना बदललेली नाही, आणि जी बदललीच नाही तिची अंमलबजावणी कमी पडली असे म्हणण्यालाही काही आधार उरत नाही.

कोडॅकबद्दल दूरदृष्टी नसल्याची कथा सांगितली जाते, ती मला पटत नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनवला होता, आणि पुढे कंपनीने डिजिटल तंत्रावर मोठा खर्चही केला. पण नफा फिल्म आणि छपाईच्या कागदातून येत होता, आणि नफा जिथून येतो तिथल्या विभागाचा शब्द बैठकीत जड पडतो. जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तेच वादळ फुजीफिल्मवरही आले होते. तिने फिल्म बनवण्याची आपली रसायनांची आणि पातळ लेप चढवण्याची विद्या सपाट पडद्यांसाठी लागणाऱ्या पापुद्र्यांकडे, वैद्यकीय साधनांकडे, अगदी सौंदर्यप्रसाधनांकडेही वळवली. पुढे काय येते आहे ते दोघींनाही दिसत होते.

आता या सगळ्यातल्या सर्वांत गंभीर भागाकडे येतो. दृष्टी खाली पोचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिचा आकडा करणे. आकड्याला माझा विरोध नाही. मोजल्याशिवाय काम कुठवर आले ते कळत नाही. पण आकडा खाली देताना त्यासोबत साधने, वेळ आणि ‘हे जमणार नाही’ असे सांगण्याची मुभा दिली नाही, तर तो आकडा माणसाला खोटे वागायला भाग पाडतो. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेची दृष्टी मुळात वाईट नव्हती. ग्राहकाच्या सर्व आर्थिक गरजा एकाच बँकेत भागाव्यात, असे तिला वाटत होते. त्याचा आकडा झाला प्रत्येक ग्राहकामागे आठ उत्पादने. हा आकडा शाखाशाखांत रोजच्या टार्गेटच्या रूपाने उतरला. ज्या ग्राहकाला दोन खात्यांपलीकडे कशाचीच गरज नाही, त्याच्यापुढे बसलेल्या कारकुनाने काय करायचे, याचे उत्तर वरून कोणी दिले नाही. मग ग्राहकांच्या नकळत खाती उघडली जाऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेवर १८.५ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई झाली, तेव्हा उघड झाले की काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना याच कारणासाठी काढण्यात आले होते. संमतीशिवाय उघडलेली संशयित खाती सुरुवातीला सुमारे २० लाख धरली गेली, नंतरच्या तपासणीत हा आकडा ३५ लाखांवर गेला.

त्या ५,३०० माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांतल्या काहींनी जाणूनबुजून अपराध केला असेल आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण एखाद्या ठिकाणी हजारो माणसे वर्षानुवर्षे एकच चूक करतात, तेव्हा ती चूक त्या माणसांत शोधून सापडत नाही. सुरुवातीला बँकेने खापर त्यांच्यावरच फोडले. पुढे प्रमुखांना पद सोडावे लागले, संचालक मंडळाने नेमलेल्या चौकशीतच विक्रीच्या संस्कृतीवर आणि नेतृत्वावर ठपका आला, २०१८ मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेने तिच्या एकूण मालमत्तेच्या वाढीवरच मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये तिने सरकारशी ३ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली.

उद्दिष्ट खाली नेण्याची याहून जबाबदार रीत नाही, असे कोणी म्हणू नये. जपानी उद्योगांत १९६० च्या दशकापासून ‘होशिन कानरी’ नावाची पद्धत रुजली, तिच्यात वरच्या अधिकाऱ्याने उद्दिष्ट चेंडूसारखे खाली टाकायचे आणि खालच्याने ते झेलून परत टाकायचे, अशी देवाणघेवाण असते. तिला ते ‘कॅचबॉल’च म्हणतात. परत येणाऱ्या चेंडूसोबत प्रश्न येतात : यासाठी कोणते यंत्र देणार, किती माणसे देणार, कोणते जुने काम थांबवायचे. दोघांचे पटेपर्यंत हे चालते. याला वेळ लागतो, आणि घाईत असलेल्या प्रमुखाला ते चर्चेचे गुऱ्हाळ वाटते. पण जो वेळ आधी दिला जात नाही तो नंतर द्यावाच लागतो. तेव्हा मात्र तो चौकशीत आणि खुलाशांत जातो.

चेंडू परत येण्यासाठी भीती नसावी लागते. फोर्ड मोटर कंपनीत २००६ च्या सप्टेंबरमध्ये ॲलन मुलाली प्रमुख म्हणून आले. त्यांनी दर गुरुवारी सर्व विभागप्रमुखांची आढावा बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामाचे तक्ते आणायचे. ठरल्याप्रमाणे चालले असेल तिथे हिरवा रंग, शंका असेल तिथे पिवळा, अडले असेल तिथे लाल. पहिल्या काही बैठकांत सगळे तक्ते हिरवेगार आले. त्याच वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा होणार होता. एवढा तोटा होत असताना कुठेच काही अडलेले नाही हे कसे, असे मुलाली यांनी विचारले. काही काळाने अमेरिका खंडातील व्यवसाय पाहणारे मार्क फील्ड्स यांनी एक लाल तक्ता आणला : ‘एज’ या नव्या गाडीत तांत्रिक दोष आढळला होता आणि तिचे वितरण थांबवावे लागले होते. खोलीत शांतता पसरली. लाल रंग दाखवणारा उद्या या खोलीत नसेल, अशीच त्या कंपनीतली आजवरची समजूत होती. मुलाली टाळ्या वाजवू लागले आणि यात कोण मदत करू शकेल, असे त्यांनी इतरांना विचारले. बसल्या जागी दोन-तीन विभागांतून माणसे आणि माहिती पुढे आली. तरीही बाकीच्यांचे तक्ते लगेच रंग बदलले नाहीत. पुढच्या बैठकीत फील्ड्स त्याच खुर्चीत बसलेले पाहिल्यावरच हळूहळू पिवळे आणि लाल ठिपके दिसू लागले.

मुलाली यांनी केवळ टाळ्या वाजवल्या असत्या तर ती एक चांगली आठवण होऊन राहिली असती. पण त्याच सुमारास कंपनीने आपले निळे लंबवर्तुळाकार बोधचिन्हसुद्धा गहाण टाकून सुमारे २३ अब्ज डॉलरचे कर्ज उभे केले, आणि ॲस्टन मार्टिन, मग २००८ मध्ये टाटा मोटर्सला जॅग्वार आणि लँड रोव्हर, नंतर व्होल्व्हो अशी प्रतिष्ठेची नावे एकामागून एक विकली. एकच फोर्ड, हे घोषवाक्य त्या विक्रीमुळे खरे झाले. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनी दिवाळखोरीचा आश्रय घेतला तेव्हा फोर्डवर ती वेळ आली नाही. उलट नोकियाच्या पडझडीचा अभ्यास करणाऱ्या क्वी हुय आणि टिमो व्हुओरी या संशोधकांना त्या कंपनीतल्या माणसांशी बोलताना भीतीच आढळली : वरचे अधिकारी बाजाराला भ्यालेले आणि मधली फळी वरच्या अधिकाऱ्यांना भ्यालेली, त्यामुळे फोन चालवणारी नवी प्रणाली किती मागे आहे ते खरेपणाने वर गेले नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. काही वेळा निर्णय स्पष्ट असतो, पैसे दिलेले असतात, आणि तरीही काम ढिसाळ होते. माणसे पाट्या टाकतात, कौशल्य नसते, पाठपुरावा होत नाही. असे होते, हे मी नाकारत नाही. शिस्तीने, रोज, कंटाळा न करता काम तडीला नेणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती अंगी नसलेला विभागप्रमुख चांगल्या योजनेचीही माती करू शकतो. तिथे त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारण्याआधी पाहावे लागते की त्याला नेमले कोणी, शिकवले कोणी, आणि गेल्या सहा महिन्यांत त्याच्या कामाकडे पाहायला कोण आले होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला वर्षअखेरीस शेळ्या भरकटल्याची तक्रार करता येत नाही. शिवाय अंमलबजावणी ही बाजाराकडून शिकण्याची जागा असते. योजनेत जे गृहीत धरले होते ते खोटे निघाले, ही बातमी सर्वांत आधी दुकानातल्या, कारखान्यातल्या, दूरध्वनीवरच्या माणसाला कळते. त्याला फक्त पार पाडणारा मानले की ती बातमी त्याच्यापाशीच राहते.

म्हणून भागधारकांपुढे ठेवल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालाबद्दल माझी एक मागणी आहे. अध्यक्षांच्या निवेदनात दृष्टी असते, आकडे असतात, पुढच्या वर्षाच्या आशा असतात. त्याच पानावर हेही छापले जावे की गेल्या वर्षी कंपनीने कोणती कामे बंद केली किंवा नाकारली, त्यातून मोकळा झालेला पैसा आणि मोकळी झालेली माणसे कुठे गेली, आणि जे उद्दिष्ट हुकले त्यासाठी काय देऊ केले होते आणि प्रत्यक्षात काय दिले गेले. स्पर्धकाला उपयोग होईल असे तपशील वगळावेत, त्याला हरकत नाही. बाकीची माहिती प्रत्येक कंपनीच्या अर्थ विभागाकडे आजही असते, आणि ती छापण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. संचालक मंडळाने पुढच्या बैठकीत तसे ठरवले की पुरे.